पेव्हर-खोदकामाचा छोटा ठेका वाढवायचा तर आधी जेसीबी की आधी माणसं?

मिरजकर_पेव्हर
सांगली-मिरज भागात पेव्हर ब्लॉक आणि खोदकामाची कामं घेतो. सोसायटीचं पार्किंग, गोडाऊनचं आवार, मंगल कार्यालयं असली कामं. आमच्या लाईनीत चार कामं हातात आली की जो तो एकच सांगतो, "आता स्वतःचा जेसीबी घे." माझ्या मते छोटा ठेकेदार बुडतो तो इथेच. हिशेब मांडतो, चूक असेल तर दाखवा.

नवं मशीन ३५ लाख धरा. ५ लाख हातचे, ३० लाख कर्ज, चार वर्षं, १० टक्के व्याज. हप्ता ७६ हजार. हा हप्ता धरून ऑपरेटर, विमा, टायर, बकेटचे दात, सर्व्हिसिंग मिळून महिन्याचा उभा खर्च १ लाख २० हजारांवर जातो. तासाचं भाडं १२०० मिळालं तर साडेचारशेचं डिझेल जाऊन ७५० उरतात. म्हणजे महिन्याला १६० तास चाललं तर नुसता खर्च निघतो. पावसाळ्याचे चार महिने महिन्याला ४० तास मिळाले तरी पुष्कळ. ती तूट भरायची तर उरलेले आठ महिने दरमहा २२० तास हवेत. रविवार सोडून रोज साडेआठ तास! आणि आपल्या स्वतःच्या कामाला मशीन लागतं किती? दहा हजार चौरस फुटांचं पार्किंग दीड फूट खोदायला दोन दिवस.

तोच पैसा प्लेट कॉम्पॅक्टर (जमीन ठोकून दाबणारं छोटं मशीन), छोटा रोलर, कटर आणि बारा महिने टिकणाऱ्या कामगारांच्या टोळीत घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाशिकचा_मशीनवाला
अजिबात पटलं नाही. तुमच्या हिशेबात थांबण्याचा खर्चच नाही. मार्च-एप्रिलमध्ये शेततळी, बांधबंदिस्ती, सगळ्यांना मशीन एकदमच हवं असतं. भाड्याचा मशीनवाला सकाळी येतो म्हणतो आणि दुपारी फोन उचलत नाही. आठ माणसं बसून राहतात, त्यांची ७०० च्या हिशेबाने ५६०० हजेरी चुकत नाही. त्यातच मुरमाची गाडी येऊन उभी राहते आणि ओतायला जागा खोदलेली नसते. असं महिन्यातून तीन-चारदा झालं की काय उरतं ते बघा.

दुसरं म्हणजे मशीनच गिऱ्हाईक आणतं. पाया खोदायला बोलावलेला माणूस तिथेच विचारतो, आवाराचं काम कोण करतं? ते काम बोर्ड लावून मिळत नाही. आणि नवंच घ्या असं कोण म्हणतं? चांगल्या हाताखाली चाललेलं जुनं मशीन निम्म्या किमतीत मिळतं, हप्ताही निम्म्यावर येतो.

चाकणची_ताई
मी आमच्या फर्मचे हिशेब बघते, साईट यजमान बघतात. दादा, तुमच्या दोघांच्याही बोलण्यात उधारी कुठे नाही. मशीन भाड्याचं असो की घरचं, डिझेल आणि आठवड्याचा पगार रोख जातो. बिल मात्र दोन-तीन महिन्यांनी, त्यातून ५ टक्के अनामत कापून, तीही दोषदायित्वाचा काळ (काम बिघडलं तर आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर. काम वाढलं की हा खड्डा वाढत जातो. आम्ही नियम केलाय: मटेरियल पडण्याआधी ३० टक्के, बेस तयार झाला की मोजमाप करून ४०, उरलेले ब्लॉक बसल्यावर. जो आधी द्यायला तयार नाही त्याचं काम सोडतो. सोडवत नाही, पण सोडतो.

शिवाय मशीन आलं की टिपर येतो, टिपर आला की मुरूम. मुरूम हे गौण खनिज, त्याचं स्वामित्वधन (सरकारची रॉयल्टी) ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटांना, ६०० रुपये आहे आणि वाहतुकीचा पास नसेल तर दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत. जेसीबीसुद्धा जप्त होतो. हप्ता चालू आणि मशीन तहसीलच्या आवारात, ही वेळ कुणावर येऊ नये.

लातूरचा_अभियंता
खाजगी कामांवर मोठं होता येत नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे. मी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केली. लहान सरकारी कामांच्या वाटपात मजूर सहकारी संस्था, आम्ही आणि खुले ठेकेदार असा प्रत्येकाला ठरलेला वाटा आहे. गावातले पेव्हरचे रस्ते, शाळेची पटांगणं, स्मशानभूमीचं आवार. एकेक काम पूर्ण झालं की अनुभवाचा दाखला मिळतो आणि त्यावर ठेकेदार म्हणून वरच्या वर्गाची, म्हणजे मोठ्या कामांची, नोंदणी. सोसायटीचा चेअरमन दाखला देत नाही.

चाकणची_ताई
दाखला मिळतो भाऊ, पण पैसे? २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभरातले ठेकेदार रस्त्यावर उतरले होते. मोठा ठेकेदार चार कामांचे थकलेले पैसे पाचव्याच्या पैशांतून भागवतो. ज्याचं एकच काम आहे त्याने टोळीला काय सांगायचं? त्यात स्पर्धेपायी अंदाजपत्रकापेक्षा पंधरा-वीस टक्के कमी दर भरायचे, वर जादा सुरक्षा ठेव द्यायची.

लातूरचा_अभियंता
थकबाकी खरी आहे, मीही भोगतोय. पण उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २००६ चाच कायदा आहे. भांडायला शिका.

चाकणची_ताई
तो कायदा वर्क्स कॉन्ट्रॅक्टला लागत नाही असे निकाल झालेले आहेत. मटेरियल आणि मजुरी एकत्र असलेलं आपलं काम त्यातच मोडतं. त्याच्या भरवशावर कुणी कर्ज काढू नका. वकिलाला विचारल्याशिवाय तर मुळीच नको.

मिरजकर_पेव्हर
ताई, उधारीबद्दल शंभर टक्के सहमत. पण माणसांचा मुद्दा सोडत नाही, कारण आपलं नाव होतं किंवा जातं ते ब्लॉकच्या खाली. आमच्याकडे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात टाकायचा, प्रत्येक थराला पाणी, प्रत्येक थरावर रोलर. घाईत दीड फूट मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला की वरचे सहा इंच दगडासारखे आणि खाली पोकळ. पहिल्याच पावसाळ्यानंतर गेटपाशी, जिथे चाकं वळतात, तिथे दोन चाकोऱ्या पडतात. ब्लॉकखालची क्रश सँडची (दगड फोडून केलेल्या वाळूची) गादी इंच-सव्वा इंचाचीच हवी. लेव्हल चुकली म्हणून तिथे तीन इंच सँड भरणारे असतात, तिथेच ब्लॉक खचतात. कडेला कर्ब (काँक्रीटची कड) नसला तर ओळी सरकतात. ट्रक फिरणार असेल तर निदान ८० मिमीचा एम-४० (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) ब्लॉक लागतो. ६० मिमी बसवून दर कमी करणारे स्पर्धक आहेत, आणि मालकाला वरून फरक दिसत नाही.

हे सगळं हातात बसलेला मुकादम मिळायला वर्षं जातात. तो दुसऱ्याकडे गेला तर दारात दोन जेसीबी उभे असून उपयोग काय? मशीनसाठी मी दोन मालक ठरवलेत. मोसमाआधी तारखा सांगतो आणि काम झालं त्याच संध्याकाळी पैसे देतो. म्हणून मशीन येतं.

नाशिकचा_मशीनवाला
संध्याकाळी पैसे देणाऱ्याकडे मीही मशीन आधी पाठवतो, हे मान्य. मुकादमाबद्दलही वाद नाही. पण एप्रिलमध्ये शेततळ्याचा शेतकरीही रोखच देतो आणि सलग सहा दिवसांचं काम देतो. तुमच्या दीड-दोन दिवसांसाठी मी मशीन हलवणार नाही. वर्षाला एक लाख चौरस फुटांच्या आत असाल तर तुमची पद्धत चालेल. त्यापुढे जायचं तर जुनं का होईना, स्वतःचं मशीन लागेलच.

मिरजकर_पेव्हर
एक लाखाच्या पुढे गेलो तर जुन्या मशीनचा विचार करेन, पण अर्धी रक्कम हातची असेल तरच. आणि त्याआधी दुसरा मुकादम तयार हवा.