किनारपट्टीवरील काळ्या अस्वलाची ट्रॉफी शिकार : प्रिन्स ऑफ वेल्स, व्हँकुव्हर बेट की नॉर्थ कॅरोलायना?

ओलीवाट (प्रश्न)

मी सिएटलच्या परिसरात राहतो, ग्रीन कार्डधारक आहे आणि कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्व उतारावर काही वर्षे हरणांची व काळ्या अस्वलांची रीतसर परवान्याने शिकार केली आहे. आता एकदाच, पण नीट तयारी करून, समुद्रकाठच्या पूर्ण वाढलेल्या नर अस्वलासाठी जायचे मनात आहे. अलास्कातील प्रिन्स ऑफ वेल्स बेट, कॅनडातील व्हँकुव्हर बेट आणि नॉर्थ कॅरोलायनाची किनारपट्टी ही तीन नावे पुन्हा पुन्हा समोर येतात. परंतु जाहिरातींतील छायाचित्रे पाहून त्यांत निवड करता येत नाही, कारण तिन्हीकडचे अस्वल सारखेच प्रचंड दिसते.

स्वतः होडी चालवून, दुर्बिणीने किनारे न्याहाळून, पायी जवळ जाऊन शिकार करणे मला आवडेल. गाइडची सक्ती असेल तर तोही खर्च सोसण्याची तयारी आहे. पुण्याहून माझा चुलतभाऊ त्या सुमारास येणार असून त्यालाही बरोबर यायचे आहे. कोणत्या निकषांवर निर्णय घ्यावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

भरतीरेषा

ट्रॉफी म्हणजे आपल्याला नेमके काय हवे आहे, हे आधी ठरवावे, कारण त्यावरच ठिकाण बदलते. शिकारीच्या ट्रॉफींच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतील बून अँड क्रॉकेट क्लबच्या पद्धतीत अस्वलाचे वजन मोजलेच जात नाही. कवटी साठ दिवस वाळल्यानंतर तिची लांबी आणि रुंदी यांची बेरीज घेतात, आणि काळ्या अस्वलासाठी ती २० इंच भरली तर त्या कालावधीच्या पुरस्कार-नोंदीत व २१ इंच भरली तर कायमच्या नोंदीत जागा मिळते. मोठ्या कवट्यांसाठी अलास्काच्या आग्नेय भागातील प्रिन्स ऑफ वेल्स आणि कुइउ ही बेटे दीर्घकाळ नावाजलेली आहेत. सौम्य हिवाळा, सामन माशांनी भरलेले ओढे आणि खाड्यांच्या मुखाशी वसंतात उगवणारे लव्हाळे, यांमुळे तिथल्या नराला वाढायला अवधीही मिळतो आणि अन्नही.

आपल्या स्थितीत कायदा अनुकूल आहे. अलास्कात परराज्यातील शिकाऱ्याला तपकिरी अस्वल, डॉल मेंढा व पहाडी बकरा यांच्यासाठी गाइड लागतो, काळ्या अस्वलासाठी लागत नाही. आणि अमेरिकेत कायम वास्तव्य असलेला ग्रीन कार्डधारक ‘परदेशी’ नव्हे, तर ‘परराज्यातील’ या वर्गात मोडतो. आपल्या चुलतभावाचे मात्र तसे नाही. अमेरिकेचा रहिवासी नसलेल्या परदेशी नागरिकाला कोणत्याही मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी नोंदणीकृत गाइड बंधनकारक आहे, तेव्हा त्यांनी सोबत यावे, दुर्बीण हाती घ्यावी, रायफल घेऊ नये.

आग्नेय अलास्कातील शिकार-व्यवस्थापनाच्या पहिल्या तीन विभागांत, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स व कुइउ या दोन्ही बेटांवर, गाइडविना जाणाऱ्या परराज्यातील शिकाऱ्याला सोडतीत परमिट मिळवावे लागते. शिकारीचा ताण वाढून अस्वलांची चिंता वाटू लागल्यावर ही सोडत आली, आणि ती योग्यच आहे, असे माझे मत आहे. तिचे अर्ज १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात घेतले जातात, म्हणून मे महिन्यातील बेत आदल्या दिवाळीच्या सुमारासच पक्का झालेला असावा.

नकाशा पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अ‍ॅडमिरल्टी, बॅरॅनॉफ आणि चिचागॉफ या मोठ्या बेटांवर तपकिरी अस्वले आहेत, काळी नाहीत; प्रिन्स ऑफ वेल्सवर नेमके उलट आहे; आणि मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर दोन्ही जाती आढळतात. संधिप्रकाशात, पावसात, तीनशे मीटरवरून जात ओळखण्याची जबाबदारी नको असेल, तर प्रथमच जाणाऱ्याने प्रिन्स ऑफ वेल्सच निवडावे.

सिएटलहून विमानाने केचिकान आणि तिथून सुमारे तीन तासांच्या फेरीबोटीने बेटावरील हॉलिस, असा मार्ग सोपा आहे. बेटावर जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यांचे मोठे जाळे आहे, पण त्याच्या मोहात पडू नये. रस्त्यालगतच्या अस्वलांवरच सर्वांचा डोळा असतो. शिवाय तोड झालेल्या जागी वीस-तीस वर्षांनी दाट झाडोरा मिटून आला की खाली उन्हाअभावी काही उगवत नाही आणि अस्वल तिकडे फिरकत नाही. होडीने खाड्यांच्या टोकाशी जावे. मोठ्या भरती-ओहोटीत तिथे पाण्याची पातळी पाच-सहा मीटरने बदलते, त्यामुळे होडी कुठे आणि किती दोर सोडून नांगरायची हे कळत नसेल, तर गाइडचे पैसे हे उधळपट्टी नसून विमा समजावेत. गोळी मात्र जमिनीवर उतरून, स्थिर टेकू घेऊनच झाडावी.

देवदारछाया

व्हँकुव्हर बेटाबद्दल लिहितो, कारण तिथे निवडीचा प्रश्नच वेगळा आहे. ब्रिटिश कोलंबियात कॅनडाबाहेरून आलेल्या शिकाऱ्याला परवानाधारक गाइड-आउटफिटरबरोबरच मोठी शिकार करता येते, आणि प्रत्येक आउटफिटरला विशिष्ट क्षेत्राचे हक्क असतात. म्हणजे आपण माणूस निवडत असतो असे वाटते, प्रत्यक्षात आपण क्षेत्र निवडत असतो. त्या क्षेत्रात समुद्रकिनारा किती, लाकूडतोडीचे रस्ते किती, मागील काही हंगामांत किती अस्वले मारली आणि त्यांतल्या माद्या किती, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर मिळाले, तर पुढे बोलू नये. बेटावरील काळे अस्वल ही स्वतंत्र उपजात मानली जाते; ते अंगाने भरदार आणि रंगाने जवळजवळ नेहमीच काळेभोर असते.

मुख्य भूमीच्या किनाऱ्यावरील ग्रेट बेअर रेनफॉरेस्टचे आकर्षण असेल, तर तिथली पार्श्वभूमी समजून घ्यावी. रेनकोस्ट या संवर्धन संस्थेने २००५ साली तिथल्या मोठ्या पट्ट्यातील व्यावसायिक शिकारीचे हक्कच विकत घेतले, ते शिकार थांबवण्यासाठी. २०१२ मध्ये तिथल्या आदिवासी राष्ट्रांच्या संघटनेने आपल्या प्रदेशात अस्वलांच्या ट्रॉफी शिकारीला बंदी जाहीर केली. आणि २०१७ च्या डिसेंबरात प्रांतिक सरकारने ग्रिझ्लीची (तपकिरी अस्वलाची) शिकार संपूर्ण बंद केली. काळ्या अस्वलाची शिकार प्रांतात कायदेशीर आहे, त्याच जातीच्या पांढऱ्या कर्मोड अस्वलाची नाही. कागदावर परवानगी असली, तरी जिथे मूळ रहिवासी स्पष्ट नकार देत आहेत तिथे पाहुणा म्हणून बंदूक घेऊन जाऊ नये, असे मला वाटते. यावर मतभेद असू शकतात.

शस्त्राबाबत : कॅनडाच्या सीमेवर अनिवासींसाठीचा घोषणा-अर्ज भरून २५ डॉलर शुल्क द्यावे लागते व तो ६० दिवस चालतो, पिस्तूल घरीच ठेवावे. अलास्काला मोटारीने जाण्याचा विचार असेल तरी वाटेत कॅनडा येतोच, म्हणून विमान बरे. वाचकांपैकी जे एच-१बी व्हिसावर आहेत त्यांनी लक्षात घ्यावे की अमेरिकेच्या संघीय कायद्याने अशा व्हिसाधारकांना बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि वैध शिकार-परवाना हा तिला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही.

पामलिको

नॉर्थ कॅरोलायनाविषयी थोडक्यात सांगतो. वजन हाच निकष असेल तर वाद नाही : १९९८ मध्ये क्रेव्हन काउंटीत मारलेले अस्वल ८८० पौंडांचे, म्हणजे जवळपास ४०० किलोंचे होते. मका, सोयाबीन, भुईमूग आणि सौम्य थंडी यांचा हा परिणाम आहे. परंतु ‘किनारा’ या शब्दाने फसू नये. इथे खाडीकाठ न्याहाळत होडीतून जाणे नाही; दलदलीची झुडपी राने, त्यांना लागून असलेली शेते, पुष्कळदा कुत्र्यांच्या टोळ्या आणि बहुतांशी खासगी जमीन, असा मामला आहे. हंगामही शरदाच्या अखेरीचा असतो. आपण जे वर्णन केले आहे त्यात ही जागा बसत नाही.

ओलीवाट

सर्वांचे आभार. कल प्रिन्स ऑफ वेल्सकडे झुकला आहे. दोन शंका उरतात : मे महिन्यात नेमके केव्हा जावे, आणि एवढ्या पावसात कातडे व मांस कसे सांभाळावे? कातडे कमावून सांगलीच्या घरी नेता येईल का, असेही वडिलांनी विचारले आहे.

भरतीरेषा

मेचा उत्तरार्ध हा मधला मार्ग आहे. त्याआधी मोठे नर किनाऱ्यावर कमी दिसतात. जून उजाडला की माजाच्या काळामुळे ते दिवसाही हिंडतात, पण कातडे झाडांवर घासून ठिकठिकाणी विरळ झालेले असते. डोक्याच्या मानाने कान लहान व एकमेकांपासून दूर दिसणे, पोट जमिनीजवळ असणे आणि चालीत घाई नसणे, ही मोठ्या नराची लक्षणे होत. अस्वल एकटे वाटले तरी दहा-पंधरा मिनिटे थांबून गवतात पिल्ले नाहीत याची खात्री करावी. पिल्ले बरोबर असलेली मादी मारणे बेकायदेशीर आहे.

केचिकानला वर्षाला साडेतीन मीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे कातडे तिथे सुकेल ही आशा सोडावी. कान, ओठ व पंजे त्याच दिवशी आतून सोलून, भरपूर मीठ लावून किंवा गोठवून ठेवावे, नाहीतर केस सुटू लागतात. कवटी व कातडे तीस दिवसांच्या आत अलास्काच्या वन्यजीव खात्याकडे नेऊन शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि तोवर लिंगाचा पुरावा कातड्याला जोडलेला असावा लागतो. वसंतातील अस्वलाचे मांस सोडून येणे हा गुन्हा आहे. ते चवीला उत्तम असते, पण त्यात ट्रायकिनेला कृमी असू शकतात आणि उत्तरेकडील त्यांची जात गोठवूनही मरत नाही. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजले पाहिजे.

सांगलीचा विचार मात्र सोडून द्यावा. काळे अस्वल वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने निर्यात-परवाना लागेल, आणि पलीकडे भारताचे आयात धोरण व १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा उभा आहे. वडिलांना छायाचित्रे पाठवावीत. सोडतीचा अर्ज भरताना बेटाचा विभाग क्रमांक दोन आहे हे तपासून घ्यावे आणि वसंत की शरद, यांपैकी योग्य हंगामाचेच परमिट निवडावे.