मदत हवी आहे: क्रूझवरून इटलीत एकच दिवस, निवांत कसा घालवावा? (उद्यापर्यंत ठरवायचंय)

केवडा_७
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही क्रूझला जातोय. जहाज इटलीत एका ठिकाणी दिवसभर थांबतं. जहाजवाल्यांची एक सहल आहे, ती उद्या दुपारपर्यंत घेतली तर सवलत आहे. आम्ही चौघं आहोत, म्हणजे रक्कम बरीच होते. आम्हाला पळापळ नकोय, निवांत फिरायचंय. सहल घ्यावी की आपापलं फिरावं? जाऊन आलेल्यांनी पटकन सांगा प्लीज. जुने धागे चाळले, सगळे रोम-व्हेनिसचेच आहेत.

भटकभवानी
बंदर कुठलं? इटलीत क्रूझ लागते अशी कितीतरी बंदरं आहेत. लिव्होर्नो असेल तर पिसा-फ्लॉरेन्स, नेपल्स असेल तर पाँपे, सिव्हिटाव्हेकिया असेल तर रोम. प्रत्येकाचं उत्तर वेगळं. आणि जहाज लागणार किती वाजता, सुटणार किती वाजता?

वाटाड्या
नेपल्स असेल तर डोळे झाकून पाँपेला जा. लोकल गाडी थेट उत्खननाच्या दाराशी सोडते. रस्त्यांच्या फरशीवर गाड्यांच्या चाकांनी पडलेले चर अजून दिसतात. पाणी आणि टोपी विसरू नका, सावली अजिबात नाही.

केवडा_७
नेपल्स नाही हो. आमच्या कागदावर 'मिलान' लिहिलंय. सहलही मिलानचीच आहे.

भटकभवानी
ताई, मिलानला समुद्र नाही. कंसात काहीतरी लिहिलेलं असेल, नीट बघा.

केवडा_७
हो, कंसात जेनोआ आहे. आमच्या एजंटने मिलान-मिलान म्हणूनच विकलं, त्यामुळे मी तेच धरून बसले होते. कॅथीड्रलचा फोटोसुद्धा दाखवला होता. सकाळी 8 ला लागतं, संध्याकाळी 6 ला सुटतं. आता सांगा, घेऊ की नको?

पोवळा
शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) मल्टिपल एन्ट्रीच घ्या. वाटेत जहाज ट्युनिशियाला वगैरे गेलं तर सिंगल एन्ट्रीवर परत आत येता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला ऐनवेळी सगळं बदलावं लागलं.

केवडा_७
व्हिसा आलाय हो. बार्सिलोनाला चढतोय, सगळी बंदरं शेंगेनमधलीच आहेत. प्रश्न जेनोआचा आहे.

लोंबार्डीकर
मी सहा वर्षं मिलानमध्ये राहतोय, म्हणून ठामपणे सांगतो, ही सहल घेऊ नका. जेनोआ ते मिलान दीडशे किलोमीटर. बसने जायला दोन तास, यायला दोन तास, शिवाय माणसं मोजण्यात आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत जाईल तो वेळ वेगळा. कॅथीड्रलसमोर फोटो काढून परत बसमध्ये बसायचं. ज्या शहरात जहाज लागतं ते शहर एके काळी व्हेनिसच्या तोडीचं आरमारी प्रजासत्ताक होतं, आणि लोक त्याच्याकडे पाठ फिरवून मोटरवेवर दिवस घालवतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

एक सांगतो, स्टेशनवर आणि पाट्यांवर 'जेनोव्हा' असं दिसेल. तेच हे, गोंधळू नका.

सागरगोटा
मिलान नको हे मान्य, पण जेनोआतच थांबायचं कशाला? पोर्तोफिनोला जा! पियात्सा प्रिंचिपे हे मोठं स्टेशन जहाजाच्या धक्क्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तिथून रेल्वेने सांता मार्गेरीता, पुढे बस किंवा होडी. रंगीत घरं, छोटंसं बंदर, वर किल्ला. किंवा चिंक्वे तेर्रे! आम्ही एका दिवसात त्यातली तीन गावं केली होती.

लोंबार्डीकर
सागरगोटा, त्यांनी 'निवांत' लिहिलंय. तीन गाड्या बदलून, जिने चढून, परतीची गाडी उशिरा आली तर पोटात गोळा. तो निवांतपणा नव्हे.

सागरगोटा
आयुष्यात एकदा जाणाऱ्या माणसाने बंदराभोवती घुटमळून परत यावं, हे मला पटत नाही. आम्ही गेलो, काहीही अडचण आली नाही.

भटकभवानी
तुम्ही दोघं भांडण्याआधी एक विचारू द्या. केवडाताई, चौघं म्हणजे कोण कोण? लहान मुलं आहेत का? चालण्याची तयारी कितपत आहे?

केवडा_७
मी, नवरा, साबा (सासूबाई) आणि साबू (सासरेबुवा). साबूंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑक्टोबरमध्ये झालंय. सपाटीवर काठी घेऊन चालतात, अर्धा तास झाला की बसावं लागतं. जिने नकोच. पुन्हा शब्दाने बोलत नाहीत, आम्ही पुढे गेलो की मागून तसेच ओढत येतात. म्हणून तर निवांत म्हटलं.

लोंबार्डीकर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! आता उत्तर सरळ आहे, जेनोआच. आणि जिन्यांची काळजी करू नका. हे शहर डोंगराच्या अंगावर वसलंय, म्हणून तिथे सार्वजनिक लिफ्ट आणि फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी गाडी) हे बससारखेच रोजच्या वाहतुकीतले आहेत. बायका भाजी घेऊन लिफ्टने घरी जातात.

धक्क्याबाहेर टॅक्सी मिळते. पियात्सा पोर्तेल्लो सांगा. तिथे एक बोगदा आहे, आतून फरशा लावलेला, तिरपा नाही, सपाट. त्याच्या टोकाला कास्तेलेत्तोची लिफ्ट, 1909 सालची. वर दार उघडलं की थेट गच्चीसारखं मैदान आणि समोर अख्खं जुनं शहर. राखाडी पाटीच्या दगडाची छपरं एकमेकांना खेटून थेट बंदरापर्यंत उतरत गेलेली दिसतात, त्यापलीकडे तुमचं जहाज, आणि उजव्या हाताला लांबवर लांतेर्ना, म्हणजे दीपस्तंभ. आत्ताचं बांधकाम 1543 चं, 77 मीटर उंच. बाकं आहेत, झाडं आहेत. साबूंना तिथे तासभर बसू द्या. आमचे आईबाबा आले होते तेव्हा बाबा तिथून हलायलाच तयार नव्हते.

वाटाड्या
+१. आणि खाली उतरल्यावर व्हिया गारिबाल्दी हा रस्ता जवळच आहे. सगळे जुने महाल एका ओळीत. रोल्ली महाल म्हणतात त्यांना, 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पूर्वी प्रजासत्ताकाकडे राजेरजवाडे पाहुणे आले की कुणाच्या महालात उतरवायचे याच्या सरकारी याद्या होत्या, त्या याद्या म्हणजे रोल्ली. आत संग्रहालय आहे, प्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिनही तिथेच ठेवलंय. रस्ता सपाट आहे आणि गाड्या नाहीत.

भटकभवानी
वार कुठला आहे पण? ती संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

केवडा_७
अरे देवा. सोमवारच आहे. आणि साबांचा सोमवार असतो, त्या संध्याकाळपर्यंत काही खात नाहीत, फळं-दूध फक्त.

भटकभवानी
बघा, एकेक माहिती अशी ओढून काढावी लागतेय :) असो. महालांची अंगणं बऱ्याचदा दारातून दिसतात, बाहेरून बघायलाही छान आहेत. सोमवारी सकाळी दुकानंही उशिरा उघडतात, म्हणून सकाळी कास्तेलेत्तो, मग खाली, असा क्रम ठेवा. मत्स्यालय सोमवारीही उघडं असतं, जुन्या बंदरात आहे, 1992 साली कोलंबसच्या सफरीला पाचशे वर्षं झाली तेव्हा वास्तुकार रेन्झो पियानोने तो सगळा भाग नव्याने घडवला. जेनोआ हे पियानोचं जन्मगाव. पण आत चालणं बरंच आहे, आणि मुलं बरोबर नसतील तर मी तरी टाळेन. बाहेर धक्क्यावर बसायला पुष्कळ जागा आहे.

चुलीवरची
केवडा, उपास नसलेल्या तिघांनी फारिनाता खाल्ल्याशिवाय परत येऊ नका! हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, बस्स. पीठ काही तास भिजवून ठेवतात, मग भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत सारतात. वरून सोनेरी पापुद्रा, आत मऊ. कांदा-लसूण काही नाही. मला पहिला घास घेतल्यावर आजीचं धिरडं आठवलं.

सागरगोटा
धिरडं तव्यावरचं, हे भट्टीतलं. आणि धिरड्यात मिरची-कोथिंबीर नसेल तर ते धिरडं कसलं? चवीत काहीही साम्य नाही.

चुलीवरची
साम्य पिठात आहे. आमच्याकडे साधं धिरडंही होतं, नुसतं मीठ-हळद. मी घरी ओव्हनमध्ये बिडाच्या तव्यात करते, एक वाटी पिठाला तीन वाट्या पाणी. उत्तम होतं.

लोंबार्डीकर
साबांसाठी सुचवतो: सोझीलिया भागात रोमानेंगो नावाचं मिठाईचं दुकान आहे, घराणं 1780 पासूनचं. साखरेत मुरवलेली अख्खी फळं मिळतात, संत्रं, नाशपाती, अंजीर. त्यात फळ आणि साखर. चालत असेल तर विचारून घ्या. पेस्तो (तिथली बेसिलच्या पानांची चटणी) मात्र त्यांना दुसऱ्या दिवशीही चालणार नाही बहुतेक, त्यात लसूण असतो. आणि चीज.

नीळकंठी
थोडं अवांतर, पण राहवत नाही. जेनोआला जाताय तर कॅथीड्रलशेजारच्या संग्रहालयात सोळाव्या शतकातली निळी कापडं आहेत, नीळ घालून रंगवलेल्या लिननच्या कापडावर पांढऱ्या रंगाने येशूच्या अखेरच्या दिवसांची चित्रं काढलेली. 'जीन्स' हा शब्द जेनोआच्या फ्रेंच नावावरून आला. आणि 'डंगरी' आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून! तिथे मिळणारं जाडंभरडं सुती कापड जहाजांवरून बाहेर गेलं आणि नाव घेऊन गेलं. दोन बंदरं, दोन्हीकडचं खलाशांचं आणि कामकऱ्यांचं कापड, आणि आज कपाटात दोन्ही शेजारी टांगलेले असतात. मी वस्त्रांचा अभ्यास करते, त्यामुळे हे मला फार जवळचं वाटतं.

वाटाड्या
डोंगरीचं माहीत नव्हतं! वेगळा धागा काढा ना यावर.

नीळकंठी
काढते.

दर्यावर्दी
मी बारा वर्षं क्रूझवर नोकरी केली, मूळचा वेंगुर्ल्याचा. कामाचं तेवढं सांगतो. 6 ला सुटतं म्हणजे 6 ला यायचं नाही. सगळ्यांनी परत चढायची वेळ आधीची असते, ती उतरायच्या दारापाशी फलकावर लिहिलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा. जहाजाचं घड्याळ पाळा, मोबाईलचं नव्हे. जहाजाचं कार्ड प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात हवं, एकाकडे चार नकोत. आणि धक्क्यापासून स्टेशनजवळून जुन्या शहरात जाणारी व्हिया दि प्रे ही गल्ली आहे, तिथे पाकीट सांभाळा, गर्दीत वयस्कर माणसांना धक्का देऊन हात मारतात. टॅक्सीने गेलात तर तो रस्ता लागणारच नाही.

जहाजाच्या सहलीचा एकच फायदा, बस उशिरा आली तर जहाज थांबतं. पोर्तोफिनोला स्वतःहून गेलात आणि अडकलात तर जहाज थांबत नाही. मी धक्क्यावर धावत येणारी आणि मागे राहिलेली माणसं वरून पाहिली आहेत.

सागरगोटा
ठीक आहे, गुडघ्याचं आधी कळलं असतं तर मीही पोर्तोफिनो म्हटलं नसतं. मग नेर्व्ही सुचवतो. लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत, स्टेशनला लागूनच समुद्राकाठचा दोन किलोमीटरचा फिरायचा रस्ता. कंटाळा येईल तिथून मागे फिरायचं. कागदी तिकीट गाडीत बसण्याआधी फलाटावरच्या मशिनमध्ये छापून घ्यायला विसरू नका, नाहीतर दंड होतो.

लोंबार्डीकर
नेर्व्ही चांगलंच आहे, यावर वाद नाही. दुपारी चौघे थकले नसतील तरच.

केवडा_७
सर्वांचे मनापासून आभार. मिलानची सहल घेत नाही. नवऱ्याला धागा वाचायला दिला, तो 'डंगरी'वरच अडकलाय.

---

केवडा_७ (पाच आठवड्यांनी)
आलो परत, म्हणून सांगायला आले. टॅक्सीने पोर्तेल्लो, बोगदा, लिफ्ट, सगळं लिहिलंत तसंच. वर साबू बाकावर बसले आणि काठी मांडीवर आडवी ठेवून जहाज शोधायला लागले. सापडल्यावर डेक मोजून आपली खोली कुठली ते साबांना दाखवत होते. दीड तास तिथेच होतो. कुणीही 'चला' म्हटलं नाही. साबांनी साखरेतलं संत्रं दुधाबरोबर खाल्लं आणि उरलेलं रुमालात बांधून आणलं. कॅथीड्रल फक्त बाहेरून बघितलं, समोर पायऱ्या होत्या आणि दुपारी दारही बंद झालं होतं. नेर्व्ही झालं नाही. फारिनाता मिळाली, एका गल्लीतल्या दुकानात, कागदावर, बोट भाजेल इतकी गरम. चुलीवरची, मला धिरडंच आठवलं.

पोवळा
माझ्या आईसाठी विचारते, त्या लिफ्टमध्ये व्हीलचेअर जाईल का?

केवडा_७
जाईल. आमच्याबरोबर लिफ्टमध्ये एक बाबागाडी होती, तरी आम्ही चौघं आरामात उभे होतो. बोगद्यात पायरी लागली नाही. बोगद्यात थोडं गार वाटतं, आईंना शाल द्या.