गणपतीला गावी जायचंय, घरी सात तोंडं (मासे वेगळे). कोणाच्या भरवशावर सोडू?

खारीचा_वाटा
१४ ऑगस्ट २०२५, रात्री ११.४०

मंडळी, जरा डोकं चालवा, माझं चालेनासं झालंय.

आम्ही डोंबिवली पूर्वेला, तिसरा मजला, वन बीएचके. माणसं तीन: मी, नवरा, सातवीतली लेक. २५ ऑगस्टच्या रात्रीच्या गाडीने निघून ३ सप्टेंबरला परत. देवरुखच्या अलीकडे सासर, घरचा गणपती, त्यात गौरी. न जाण्याचा विषयच नाही. तिकिटं साठ दिवस आधी पहाटे उठून काढलीत, ती कन्फर्म आहेत, त्यामुळे आता आजारी पडायचीसुद्धा सोय नाही.

घरातली बाकीची मंडळी अशी. हॉलमध्ये टीव्हीखाली गिनीपिग दोन, गूळ आणि शेंगदाणा. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात आणले. दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून दिल्यात. फ्रिजचं दार उघडलं की दोघी एका सुरात शिट्ट्या मारतात, त्यामुळे रात्री चोरून काही खाता येत नाही. बाल्कनीच्या दाराशी ससा, नाव नानासाहेब, वय चार, स्वभाव नावाप्रमाणे. खिडकीत बजरी (ते छोटे पिंजऱ्यातले पोपट) तीन. बाथरूमबाहेरच्या टाकीत कासव. हे नणंदेने वास्तूसाठी घेतलं होतं, तेव्हा दोन रुपयांच्या नाण्याएवढं होतं. टाकीला वास यायला लागल्यावर वास्तू आमची सुधारायचं ठरलं. आता माझ्या पंज्यापेक्षा मोठं आहे. आणि गप्पी मासे, जे मोजणं मी एप्रिलमध्ये सोडलं.

पर्याय तीन. पहिला, शेजारचा मुलगा, अकरावीत आहे, आनंदाने तयार आहे. (जरा जास्तच आनंदाने.) दुसरा, पेट बोर्डिंग. चार ठिकाणी फोन केले. तीन म्हणाले फक्त कुत्री-मांजरं. चौथा म्हणाला ससा चालेल, पण पिंजरा कुत्र्यांच्याच खोलीत. तिसरा, काहींना सोबत नेणं. नवऱ्याचं म्हणणं, नानासाहेबांना टोपलीत घालून नेऊ, गावी गवत फुकट.

कामाच्या मावशींना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ताई, पोपटांना घालीन दाणे, पण त्या दोन घुशींच्या जवळ मी जायची नाही. त्यातली ती तांबडी तर फुगतच चालली आहे म्हणाल्या. ते खरंय, गूळ खादाड आहे. लेक दर रविवारी दोघींना कणकेच्या काट्यावर ठेवून वहीत लिहिते. जूनमध्ये गूळ ४८० ग्रॅम होती, परवा ९३०. शेंगदाणा ५२० वरून ७००.

नऊ रात्रींचा प्रश्न आहे. कोणी असं केलं असेल तर सांगा.


कोथिंबीर_जुडी
१५ ऑगस्ट, सकाळी ७.१५

सशाला प्रवासात नेऊ नका, हात जोडून सांगते. आम्ही दोन वर्षांपूर्वी कारने चिपळूणला नेला होता. स्वतःची गाडी, एसी, मांडीवर टोपली, सगळे लाड. माणगावच्या ट्रॅफिकमध्ये तीन तास अडकलो आणि त्याने खाणं बंद केलं. पोचल्यावरही तोंड लावेना. लेंड्या पडायच्या थांबल्या. सशाचं पोट सतत चालू लागतं. दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर आतडं थंडावतं आणि तीच इमर्जन्सी. भर गणपतीत डॉक्टर शोधत फिरलो, दीड दिवस सिरिंजने भरवलं, तेव्हा वाचला. गावचं फुकट गवत त्याने एक काडी खाल्लं नाही.

शेजारचा मुलगाच बरा. फक्त त्याला खाण्याचं प्रमाण तोंडी सांगू नका. पुड्या बांधा. होमिओपॅथीच्या बांधतात तशा, एका प्राण्याची एका दिवसाची एक पुडी, वर तारीख. पुडी संपली की त्या दिवसाचं प्रेम संपलं. मी माशांसाठीही अशाच केल्या होत्या, कारण आधीच्या वर्षी भाच्याने दहा दिवसांचा डबा चार दिवसांत संपवला होता. पाणी ताकासारखं झालं आणि निम्मे मासे गेले. मोठे गप्पी आठवडाभर उपाशी राहतात, पण नासक्या पाण्यात राहत नाहीत.


बाबूराव_बोरिवली
१५ ऑगस्ट, सकाळी ९.०२

एवढ्याशा जागेत एवढे प्राणी पाळायचेच कशाला? कासव एखाद्या तलावात सोडा, पक्षी उडवून द्या, त्यांनाही मोकळं वाटेल. सण माणसांचा आहे.


खारीचा_वाटा
१५ ऑगस्ट, सकाळी ९.४०

बाबूराव, पाळायचे नव्हतेच. येत गेले. कासवाचं तुम्ही आतापर्यंत चौथे.

कोथिंबीरताई, पुड्यांची आयडिया शिरसावंद्य. नवऱ्याला तुमचा माणगावचा किस्सा वाचून दाखवला. टोपली माळ्यावर परत गेली.


ठाण्याचा_पक्षीवाला
१५ ऑगस्ट, दुपारी १.३०

बाबूराव, बजरी मूळची ऑस्ट्रेलियातली. पिंजऱ्यात जन्मलेली बजरी ठाण्याच्या आकाशात सोडली तर संध्याकाळपर्यंत कावळे तिचा निकाल लावतात. आणि ते कासव, डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर अमेरिकेतलं. तलावात सोडलं तर जगेल, तोच तर त्रास आहे. ते तीस-तीस वर्षं जगतं आणि आपल्याकडच्या कासवांच्या तोंडचं खातं. (पट्टा नसून पाठीवर चांदण्या असतील तर मात्र ताई, ते प्रकरण वेगळं. चांदणी कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आपला हिरवा देशी पोपटही त्यातच येतो.)

आता ताई, तुमच्या बजरींबद्दल, कारण या बाबतीत लोक हमखास फसतात. बजरी राळ्याचा दाणा सोलून खाते आणि टरफल वाटीतच टाकते. दुसऱ्या दिवशी वाटी काठोकाठ भरलेली दिसते. नवखा माणूस म्हणतो, अरे, खाल्लंच नाही, भरलेलं आहे की. प्रत्यक्षात वाटीत निव्वळ फोलपटं असतात आणि पक्षी उपाशी. एवढासा जीव, फार तर दिवस-दोन दिवस काढील. माझ्या ओळखीत एकाच्या चार बजरी भरल्या वाटीसमोर मेल्या. त्या पोराला तुमच्यासमोर वाटी हातात घेऊन फुंकायला लावा. फुंकल्यावर खाली उरतं तेवढंच खाणं.

दुसरं, डासांची धूरफवारणी. पावसाळ्यात आमच्याकडे आठवड्यातून एकदा येते, तुमच्याकडेही येत असेल. मशीनचा फटफट आवाज आला की खिडकी बंद, पिंजरा आतल्या खोलीत. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक. त्याच कारणाने त्याला तुमच्या स्वयंपाकघरात मॅगीबिगी करू देऊ नका. नॉनस्टिकचं भांडं गॅसवर विसरलं की त्याचा धूर माणसाला कळायच्या आत पक्षी खाली पडलेला असतो.


खारीचा_वाटा
१५ ऑगस्ट, दुपारी ३.०५

लाल पट्टा आहे. आत्ताच उठून बघून आले.

फोलपटांचं वाचून पोटात गोळा आला. मे महिन्यात आम्ही दोन दिवस नाशिकला होतो तेव्हा मावशींनी हेच सांगितलं होतं, "काय खाल्लं नाही हो पोपटांनी." आम्ही वेळेत आलो म्हणायचं.


गोठ्यातला_डॉक्टर
१५ ऑगस्ट, रात्री १०.२०

मी गाई-म्हशींचा डॉक्टर, सातारा जिल्हा. घरी लेकीने गिनीपिग पाळलेत म्हणून बिळातलं थोडं कळतं.

ताई, तुमचा प्रश्न सुट्टीचा आहे, पण मला ते आकडे वाचून राहवलं नाही. दोन महिन्यांत ४८० ची ९३०, आणि सोबतची ७००? खादाड असती तर दोघी वाढल्या असत्या, खाणं एकाच ताटात आहे. पोट खालून रुंद, पेअरसारखं दिसतंय का? बसल्यावर दोन्ही बाजूंना थैल्या सांडल्यासारख्या? तसं असेल तर गूळ गाभण आहे, आणि शेंगदाणा बाई नाही.

दुकानात लहान वयात नर-मादी ओळखण्यात सर्रास चूक होते. घरी दाबून बघू नका. लहान प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे दोघांना न्या, दोन मिनिटांचं काम. खरं निघालं तर तीन गोष्टी.

एक, गाभणकाळ साधारण ५९ ते ७२ दिवस. जूनच्या मध्यापासून धरलं तर तुम्ही गावी असतानाच ती विण्याची शक्यता आहे. वय कमी आहे हे एका अर्थी चांगलं. यांच्यात पहिलं वेत सात महिन्यांच्या आत झालेलं बरं, नंतर कमरेची हाडं जुळून बसतात आणि पिल्लू अडतं.

दोन, नर आजच वेगळा करा. ही मादी विल्यावर काही तासांत पुन्हा माजावर येते. तो शेजारी असला तर दुसरं वेत लगेच सुरू.

तीन, क जीवनसत्त्व. आपल्या शरीरासारखंच गिनीपिगचं शरीरही ते बनवू शकत नाही, खाण्यातूनच मिळायला हवं, आणि गाभणीला जास्त. रोज सिमला मिरचीची एक फोड, कोथिंबीर, पेरूचा तुकडा. पुडीत बांधून हे टिकणार नाही, त्यामुळे ताज्या भाजीचे पैसे पोराकडे वेगळे ठेवा.

आणि सशाला या दोघांत मोकळं सोडत असाल तर बंद करा. सशाच्या नाकात असे जंतू असतात की त्याला काही होत नाही, गिनीपिगला मात्र न्यूमोनिया होतो.


खारीचा_वाटा
१८ ऑगस्ट, रात्री ९.५०

डॉक्टरसाहेब. शेंगदाणा बाई नाही.

आज दाखवून आणलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी गूळच्या पोटाला हात लावला, मग लेकीचा हात धरून तिथेच ठेवला. आत काहीतरी टुणकन हललं. लेक रिक्षात घरापर्यंत एक शब्द बोलली नाही, मग सोसायटीच्या गेटपाशी म्हणाली, "आई, मी वहीत खादाड लिहिलंय, ते खोडावं लागेल."

शेंगदाणा आता लेकीच्या अभ्यासाच्या टेबलाखाली, वेगळ्या पिंजऱ्यात. रात्रभर रुसून गजांवर दात घासतो. नाव बदलायचं नाही असं ठरलंय, शेंगदाणा तसा पुल्लिंगीच.

आता नवरा म्हणतो, तू थांब. सासूबाईंना फोन केला. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्या दोन मिनिटं गप्प, मग म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे होय. मग तिच्याजवळ रात्रीचं कोणीतरी हवं." शेवटी त्यांनीच तोड काढली. डोंबिवलीतच माझी मावससासू आहे, एकटीच असते, ती नऊ रात्री आमच्या घरी झोपायला येणार. सकाळ-संध्याकाळ शेजारचा मुलगा. पुड्या बांधायला घेतल्यात, जेवणाच्या टेबलावर जागा उरलेली नाही.


खारीचा_वाटा
५ सप्टेंबर, दुपारी ४.१०

परवा आलो. सगळे आहेत. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही एवढा वेळ दिलात.

गौरी आवाहनाच्या दिवशी सकाळी मी आघाड्याची पानं आणायला परड्यात गेले होते. आमच्या गावात रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर येते. तिथे पोचले आणि फोन किणकिणायला लागला, मुलाचे अकरा मिसकॉल. व्हिडिओ लावला तर गूळच्या पोटाशी तीन पिल्लं. डोळे उघडे, अंगभर केस, आणि त्यातलं एक चक्क कोथिंबिरीची काडी ओढत होतं. जन्मून काही तास झालेले! मुलगा दोन तास पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसला होता. मावससासूबाई मागून ओरडत होत्या, "फॅन बंद कर, बाळंतिणीला वारा लागेल."

गवताचंही तिथेच जमलं. सुकं गवत मी नऊ दिवसांचं ठेवलं होतं, पण मावससासूबाईंनी स्टेशनजवळच्या फुलवालीशी संधान बांधलं. ती दूर्वांच्या जुड्या बांधून उरलेली हराळी पिशवीभर द्यायची, वीस रुपयांत. ते तीन पाण्यांनी धुऊन वाळत घालायच्या माझ्या कपड्यांच्या दोरीखाली. नानासाहेब नऊ दिवस दूर्वांवर होते, गणपतीपेक्षा त्यांनाच जास्त वाहिल्या गेल्या.

गडबड एकच झाली. चौथ्या मजल्यावरच्या काकू प्रसाद द्यायला आल्या आणि सशाला अख्खा उकडीचा मोदक घातला, कौतुकाने. संध्याकाळी तो गवताला तोंड लावेना. मुलाने इथला कोथिंबीरताईंचा प्रतिसाद वाचलेला होता (मी त्याला हा धागा पाठवला होता), त्याने रात्री दहाला डॉक्टरीणबाईंना फोन करून त्यांच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. पहाटेपर्यंत लेंड्या सुरू झाल्या. त्याचा फोटोही आला मला, विहिरीवर. लेंड्यांचा फोटो बघून एवढा आनंद आयुष्यात पहिल्यांदा झाला.

बजरींची वाटी तो रोज फुंकत होता. पंखा चालू असताना. टरफलं अजून सोफ्याच्या फटीतून निघताहेत. कासवाने नऊ दिवसांतल्या तीन पुड्यांपैकी दोन खाल्ल्या आणि तब्येत जशीच्या तशी. मासे वाढलेत, किंवा मला तसं वाटतंय.

डॉक्टरसाहेब, एक विचारायचं राहिलं. बाई म्हणाल्या, पिल्लांतले नर तीन आठवड्यांनी वेगळे करायचे, म्हणजे २१ सप्टेंबर. ओळखून त्यांनीच दिलेत, दोन नर, एक मादी. बापाबरोबर दोन्ही नर एकत्र ठेवले तर भांडतील का? पिंजरा चार फुटी आहे. चौथ्या पिंजऱ्याला जागा फक्त बेडखाली आहे, आणि नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.