राजगडावर पहाटे फोटोसाठी कुठली माची?

रानवाट: डिसेंबरात राजगड करतोय, पायथ्याच्या गुंजवणे गावातून अंधारातच चढणार, पण उजाडताना सुवेळा गाठू की संजीवनी तेच ठरत नाहीये, आणि धुक्यातले फोटो करडे का येतात?

गडवेडी: सुवेळाच! पूर्वेकडे आहे, सूर्य सातच्या आसपास येतो, त्याआधी पोचा. तिथल्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, वारा जाम झोंबतो. धुकं पांढरं असल्याने कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट करतो, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) प्लस एकवर ठेवा.

कातळ: संजीवनी पण सोडू नका हो, ऊन जरा वर आलं की तिथनं तोरणा काय दिसतो! तिरप्या उन्हात दुहेरी तटबंदीचा दगड न् दगड उठून येतो, फक्त तटावर चढू नका.

रानवाट: मग आधी सुवेळा, नंतर संजीवनी. आभार!