मदत हवी आहे: पिंजऱ्यातून सुटलेल्या कोंबड्या, सवय कुठली आणि आजार कुठला?

नमस्कार मंडळी,

अंडी कमी झाली म्हणून पोल्ट्रीतून काढून टाकलेल्या चार कोंबड्या नुकत्याच घरी आणल्या आहेत. पिल्लांपासून वाढवलेल्या कोंबड्या आधी पाळल्या आहेत, पण हे प्रकरण वेगळंच आहे.

मान आणि पोट जवळपास उघडं, तुरे फिकट, एका बाजूला लोंबणारे, नखं वाढून वाकडी झालेली. चोचीचं टोक कापलेलं असल्यामुळे जमिनीवरचा दाणा टिपताना नेम चुकतो, मग वैतागून चोच मातीवर घासत बसतात. मॅश (कोंबड्यांचं दळलेलं खाद्य) ओलसर करून खोलगट भांड्यात दिला तर मात्र नीट खातात. दांडीवर बसायचं असतं हे त्यांच्या गावीच नाही. अंधार पडला की खुराड्याच्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसतात. उचलून दांडीवर ठेवायचं, की राहू द्यायचं?

परवा एक जण उन्हात पंख पसरून, पाय ताणून आडवी झालेली दिसली. धावत गेलो, तर बाईसाहेबांनी एक डोळा उघडून पाहिलं आणि परत मिटला. ते तरी ठीक असावं!

खरी काळजी चौथीची आहे. आल्यापासून तिने बिनकवचाची, नुसत्या पापुद्र्यातली अंडी घातली. आज सकाळपासून शेपूट खाली टाकून पेंग्विनसारखी ताठ उभी आहे. मागच्या पिसांना पांढरट पातळ शीट चिकटलीय. पाणी पिते, दाण्याकडे बघत नाही. त्यात बाकीच्या तिला टोचतात. वेगळी ठेवली तर नंतर त्या तिला परत सामावून घेतील का?

प्रतिसाद १

तीन कोंबड्यांचं सांगितलंत ते सगळं पिंजऱ्यातून आलेलं आहे. तुरा काही आठवड्यांत आकसतो आणि लाल होतो. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच असतात, म्हणून लेअर मॅश (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा मॅश) पोटभर द्या. लाडाचा खाऊ जास्त झाला तर मॅश कमी खाल्ला जातो. दांडीची घाई नको. अंड्याच्या कवचासाठी हाडांतलं कॅल्शियम ओढलं गेल्यामुळे या कोंबड्यांची हाडं ठिसूळ असतात, उंचावरून उडी मारली तर मोडतात. वीतभर उंचीची दांडी लावा, शिकतील.

चौथीला आजच बघा. अंडं अडकलेलं असू शकतं. कवच नसलेल्या अंड्यावर आतल्या स्नायूंची पकड बसत नाही. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, नीट कोरडी करा आणि उबदार, अंधाऱ्या जागी ठेवा. पोट दाबू नका, अंडं आत फुटलं तर संसर्ग होतो. पोट फुगून पाणी भरल्यासारखं लागलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, मॅशमध्ये मिसळू नका; जिला हवा ती खाते.

वेगळी ठेवा, पण जाळीपलीकडे, एकमेकींना दिसतील अशी. नजरेआड झाली की परत आत सोडताना नव्याने मारामारी.

प्रतिसाद २

रात्री टॉर्च लावून खुराड्याच्या फटी बघितल्यात का? लाल माइट (गोचिडीसारखे अगदी बारीक जीव) दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. तुरा फिकट पडण्याचं तेही कारण असू शकतं. आणि सकाळी दाणा देण्याआधी गळ्याखालची पिशवी चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी.

धागाकर्ता

पिशवी रिकामी आहे. दांडीच्या टोकाशी, खाचेत, राखाडी भुरा आणि त्यात हलणारे लाल ठिपके सापडले, म्हणजे तेही आहेच. शेकूनही अंडं आलं नाही, पोट आता जड लागतंय, डॉक्टरांकडे निघालोय. तिला औषध सुरू झालं तर अंडी किती दिवस खायची नाहीत?

प्रतिसाद १

प्रत्येक औषधाचा काळ वेगळा असतो, औषध घेतानाच डॉक्टरांना विचारा. माइटसाठी फवारा मारणार असाल तर त्याचंही विचारा. आणि नुसत्या कोंबड्यांवर मारून भागत नाही, खुराडं रिकामं करून फटीन् फट साफ करावी लागते. आठवड्याने परत एकदा करा, कारण माइटच्या अंड्यांतून नवे निघतात.