हॉस्पिटलभोवती मोबाईलचं कुंपण घालून जाहिरात करायची ऑफर आलीय, करावी का?

मिरजेचं_सर्जिकल
नमस्कार मंडळी. माझं मिरजेत सर्जिकलचं दुकान आहे, वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड, कमरेचे पट्टे, मोठ्यांचे डायपर, युरिन बॅग असला सगळा माल. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातनं पण पेशंट येतात, त्यामुळं गिऱ्हाईक आहे पण ऑनलाइनमुळं आता फटका बसायला लागलाय. परवा डिजिटल मार्केटिंगचा एक माणूस आला होता. तो म्हणतो, गावातल्या मोठ्या हॉस्पिटलांभोवती नकाशावर कुंपण आखायचं, जिओफेन्स म्हणतात म्हणे, त्याच्या आत ज्याचा फोन दोन तासांपेक्षा जास्त थांबला तो पेशंट नाहीतर नातेवाईक धरायचा, आणि मग तो घरी जयसिंगपूरला जाऊ दे नाहीतर चिकोडीला, महिनाभर त्याच्या फोनवर आपली जाहिरात. हाडाच्या दवाखान्यात गेलेल्याला वॉकरची, कॅन्सरच्या दवाखान्यात गेलेल्याला बेड आणि डायपरची. जादा पैसे दिले तर मोबाईल नंबरची यादी पण देतो म्हणाला.

धंद्याच्या हिशोबानं ऐकायला बरं वाटलं पण मनाला पटेना. माझ्याकडं युरिन बॅग घ्यायला येणारा माणूस आधी मागं वळून बघतो ओळखीचं कोण उभं आहे का, डायपरचं पाकीट पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घाला म्हणतो, आणि वडील दुकानात बसायचे तेव्हापासनं आम्ही न सांगता तसंच देतो. आता त्याच माणसाचा फोन घरी पोरं गेम खेळायला घेतात, त्यावर हे दिसायला लागलं तर त्याला काय वाटेल? तर विचारायचं असं की हे खरंच एवढं जमतं का, कायद्यात बसतं का, आणि हे नको तर दुसरं काय करता येईल.

पुणे_मीडिया_बायर
दादा, मी याच क्षेत्रात आहे म्हणून सांगतो. निम्मं खरं आहे, निम्मं विकण्यासाठी बोलतात.

खरं काय तर, फोनमधली फुकटची ॲप्स, म्हणजे हवामान, गेम, टॉर्च, पंचांग वगैरे, यांच्यात जाहिरातीची जागा असते आणि तुम्ही ॲप उघडलं की क्षणार्धात त्या जागेचा लिलाव होतो. त्या लिलावाच्या निरोपात फोनचा जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातवाल्यांना फोन ओळखता यावा म्हणून असलेला कोड, आणि परवानगी दिली असेल तर अक्षांश-रेखांश पण जातात. अक्षांशाचा दशांशानंतरचा तिसरा आकडा म्हणजे साधारण ११० मीटर, चौथा म्हणजे ११ मीटर. चौथ्या आकड्यापर्यंत माहिती गेली तर तुम्ही गेटवर आहात की ओपीडीत हे सांगता येतं, निदान कागदावर तरी. आणि बोली जिंकणाऱ्यालाच नाही, लिलावात बसलेल्या सगळ्यांना तो निरोप मिळतो, मुख्य गोची तिथं आहे.

पण इमारतीच्या आत जीपीएस भरकटतं, बाहेरचा रिक्षावाला, समोरचा मेडिकलवाला, वॉर्डबॉय सगळे त्या कुंपणात येतात आणि दोन तासांच्या वर थांबतात. तुमचे पैसे त्यांच्यावर जाणार. आणि गूगलवर साधी जाहिरात करायची तर त्रिज्या १ किलोमीटरपेक्षा कमी ठेवताच येत नाही, शिवाय आजारपणावरून माणसाला टार्गेट करायला त्यांच्या पॉलिसीत बंदी आहे. म्हणजे तुमचा माणूस हे तिथून करणार नाहीये, कुठल्यातरी डेटा विकणाऱ्याकडून करणार.

नंबरच्या यादीबद्दल तर स्पष्ट सांगतो, जाहिरातीच्या सिस्टीममध्ये नंबर दिसतच नाही, आयडी दिसतो. मग नंबर आले कुठून? कुणाच्या रजिस्टरमधून, कुठल्यातरी फुकट वायफायच्या ओटीपीमधून, जिथून आले असतील तिथून, पण लोकांनी ते तुमच्यासाठी दिलेले नाहीत. हात लावू नका.

कराडचा_हॉटेलवाला
मला यात एवढं वाईट काय ते कळत नाही. मी हायवेच्या पट्ट्यात लोकेशनवर जाहिरात करतो, जेवणाच्या वेळेला गाड्या वळतात, पोरांचे पगार निघतात. हॉस्पिटलच्या समोर सर्जिकलचं होर्डिंग लावतातच की. तेच फोनवर लावलं तर काय बिघडलं?

पुणे_मीडिया_बायर
होर्डिंग कुणी वाचलं हे होर्डिंगला कळत नाही हो. ते माणसाच्या मागं चिकोडीपर्यंत जात नाही. तुम्ही जे करताय त्याला माझा विरोध नाही, भूक लागलेल्याला जवळचं हॉटेल दाखवणं वेगळं. त्यात कुणाची वही तयार होत नाही.

सोलापूरची_ताई
मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलते. आईची केमो चालू होती तेव्हा आम्ही तिला काय झालंय हे नीट सांगितलं नव्हतं, नुसती गाठ आहे म्हणालो होतो. आमच्याकडं बऱ्याच घरांत असंच असतं, चूक की बरोबर हा वाद वेगळा. तिच्या फोनवर भजनं ऐकताना मधेच कॅन्सरच्या विम्याच्या आणि विगच्या जाहिराती यायला लागल्या. ती मला विचारते, मलाच का गं हे दाखवतात? आता ते लोकेशनवरून आलं की आम्ही घरात काही शोधलं त्यावरून हे मला आजपर्यंत माहीत नाही, आणि हेच तर जास्त संतापजनक आहे की विचारायचं कुणाला तेही कळत नाही. दादा तुम्ही काळ्या पिशवीत बांधून देता ना, तेच बरोबर आहे, हे दुसरं करू नका.

आणि कुणीतरी हे बंद कसं करायचं ते पण लिहा प्लीज.

कोर्टकचेरी_कोल्हापूर
वकिली करतो, जमेल तसं लिहितो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा झाला. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ ला आले, आणि संमती, नोटीस वगैरे मुख्य जबाबदाऱ्यांना त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. कायदा म्हणतो संमती मोकळेपणानं, ठरावीक कामासाठी, समजून उमजून दिलेली पाहिजे, आणि जितकी सहज दिली तितकीच सहज मागं घेता आली पाहिजे. टॉर्चच्या ॲपला लोकेशन दिलं म्हणजे मिरजेतल्या दुकानाला माझं आजारपण कळवायला हो म्हटलं असं कुठल्याही अर्थानं होत नाही. दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. छोट्या दुकानदारावर तेवढा पडेल असं मी म्हणत नाही, पण यादी तुम्ही वापरली तर मी नुसते पैसे दिले, काम एजन्सीनं केलं असं म्हणून सुटका नाही.

तुम्हाला जी ऑफर आलीय अगदी तशीच गोष्ट अमेरिकेत झालीय. कॉप्ली ॲडव्हर्टायझिंग नावाची कंपनी गर्भपाताच्या दवाखान्यांभोवती असंच कुंपण आखून तिथं आलेल्या बायकांच्या फोनवर विरोधातल्या जाहिराती पाठवायची, ३० दिवसांपर्यंत. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ॲटर्नी जनरलनं, म्हणजे तिथल्या मुख्य सरकारी वकिलानं, एप्रिल २०१७ मध्ये त्यांच्याकडून लिहून घेतलं की या राज्यात दवाखान्यांजवळ हे करणार नाही. आणि आपल्या बेंगळुरूतून मोठी झालेली इनमोबी ही मोबाईल जाहिरातींची कंपनी, तिला २०१६ मध्ये तिकडच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांच्या हिताकडं बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, साडेनऊ लाख डॉलर भरायला लावले. आरोप असा होता की लोकांनी लोकेशनला नाही म्हटलं तरी आसपासच्या वायफायवरून ठिकाण काढत होते, लहान मुलांच्या ॲपमध्येसुद्धा. म्हणजे नकार दिला तरी तो ऐकला जात नाही, ही भीती काही उगाच नाही.

आणि "नाव नाही, फक्त आयडी आहे" हे कुणी सांगितलं तर फसू नका. २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या मोबाईलच्या नोंदी तपासून संशोधकांनी दाखवलं की कुठल्या वेळी कुठं होता असे फक्त चार ठिपके मिळाले तर ९५ टक्के लोक वेगळे ओळखता येतात. रात्री फोन कुठं असतो, दिवसा कुठं असतो, झालं, घर आणि ऑफिस सापडलं.

पुणे_मीडिया_बायर
सोलापूरच्या ताई, अँड्रॉइडला सेटिंगमध्ये लोकेशनमध्ये जाऊन ॲप परमिशन बघा, एकेक ॲप उघडून "ॲप वापरतानाच" किंवा सरळ "नको" करा. नकाशा आणि टॅक्सी सोडून बाकीच्यांना प्रिसाइज लोकेशन बंद ठेवा, हवामानाला गाव कळलं तरी पुरतं. अँड्रॉइड १२ पासून जाहिरात आयडी पूर्ण डिलीट करता येतो, सेटिंगमध्ये ॲड्स असं शोधा. आयफोनला प्रायव्हसीमध्ये ट्रॅकिंगचं बटण आहे ते बंद करा. जाहिराती थांबणार नाहीत, पण माग काढणं अवघड होतं. आईंच्या फोनवर आधी करा.

मिरजेचं_सर्जिकल
सगळ्यांचे मनापासून आभार. त्या माणसाला नको म्हणून कळवलं, यादी तर नाहीच. आता गूगलच्या नकाशावर दुकानाचं पान नीट भरतो, कन्नडमध्ये पण लिहून घेतो, रात्री किती वाजेपर्यंत उघडं आणि बेड भाड्यानं मिळतो हे टाकतो. ज्याला पाहिजे तो शोधत येईल. एकच राहिलं, आमच्या वहीत जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर आहेत, बेडच्या डिलिव्हरीसाठी घेतलेले. त्यांना व्हॉट्सॲपवर दिवाळीची ऑफर पाठवली तर चालेल का?

कोर्टकचेरी_कोल्हापूर
डिलिव्हरीसाठी घेतलेला नंबर डिलिव्हरीसाठीच. नवीन गिऱ्हाइकाला बिल करतानाच विचारा, ऑफरचा मेसेज पाठवू का, हो म्हणाला तर वहीत तशी खूण करा, नंतर नको म्हणाला तर काढून टाका. आणि जुन्यांना मेसेज करायचाच नाही. तुमच्या धंद्यात तर अजिबातच नाही, ज्याच्यासाठी बेड नेला होता तो माणूस आता आहे की नाही हे तुम्हाला माहीत नसतं.