फोन स्टँडला लावला की तोंडाला कुलूप लागतं, काय करू?

सुईदोरा
नमस्कार मंडळी, वाचते नेहमी पण लिहितेय पहिल्यांदाच. मी घरून कापडी बॅगा, पाऊच, लॅपटॉपची कव्हरं शिवते. समोर गिऱ्हाईक बसलं असेल ना तर मी अर्धा तास बोलायची थांबणार नाही, अस्तर कुठलं घ्यावं, चेन का अडकते, बॅग धुवायची कशी, सगळं. पण तेच रील करायला म्हणून फोन स्टँडला लावला आणि लाल बटण दाबलं की डोकं रिकामं. परवा ३० सेकंदांच्या रीलसाठी ४१ टेक घेतले (मेमरी भरली म्हणून डिलीट करताना मोजले 🙈) आणि शेवटी त्यातला एकही टाकला नाही.
स्वतःचा आवाज तर ऐकवत नाही, चिरका आणि पातळ काहीतरी. नवऱ्याला विचारलं, तो म्हणे तू अशीच बोलतेस, म्हंजे आता बोलायचीच लाज वाटायला लागली. त्यात ओळखीचे लोक. अनोळखी माणसांनी बघितलं तर खरंच काही वाटत नाही, पण जुन्या ऑफिसातले आणि सासरकडचे बघणार, मग 'आता हिला हिरॉईन व्हायचंय' वगैरे. इतके दिवस फोटोंवर भागत होतं, हल्ली फोटोंना कोणी विचारत नाही.
चेहरा न दाखवता चालतं का? कोर्स करा असं प्लीज सांगू नका, एक केलाय, त्यात तीन तास 'कॉन्फिडंट राहा' एवढंच ऐकलं.

रिकामटेकडा
४१ टेक म्हणजे चिकाटी आहे ताई, लाजाळू माणूस तिसऱ्यालाच फोन ठेवून देतो 😄

उजेडवाला
मी फोटो-व्हिडिओचंच काम करतो म्हणून लांब लिहितोय. ताई, तुमचा निम्मा त्रास लाजेचा नाहीये, यंत्राचा आहे.
आवाजाचं आधी. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही कानापर्यंत पोचतो आणि हाडांतून खर्जातला भाग जास्त येतो, म्हणून आपला आवाज आपल्याला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला उरतो. जगाने तुमचा तोच आवाज आयुष्यभर ऐकलाय, त्यांना त्यात नवीन काहीच नाही, नवीन फक्त तुम्हाला आहे.
चेहऱ्याचंही तेच. आपण स्वतःला आरशात बघून बघून उलट्या प्रतिमेची सवय लागलेली असते. १९७७ साली अमेरिकेत यावर प्रयोग झाला होता, एकाच फोटोच्या सुलट आणि आरशासारख्या अशा दोन प्रती दाखवल्या, तर बहुतेकांना स्वतःचा आरशातला चेहरा आवडला आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना सुलट. म्हणजे व्हिडिओत 'मी वाकडी दिसते' हे वाटणारी तुम्ही एकट्याच.
अजून एक, हात लांब करून सेल्फीसारखं शूट करता का? फूटभर अंतरावरून नाक फुगल्यासारखं दिसतं. २०१८ मध्ये यावर गणित मांडून पेपर आला होता, पाच फुटांच्या तुलनेत १२ इंचांवरून नाकाची रुंदी साधारण ३० टक्के जास्त दिसते. त्यामुळे फोन चार-पाच फूट लांब ठेवा, मागचा कॅमेरा वापरा. त्याची क्वालिटी बरी असतेच पण मुख्य म्हणजे बोलताना स्वतःचं थोबाड समोर दिसत नाही, ४१ पैकी ३० टेक त्यानेच वाचतील. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नाही. आणि तुमच्या खोलीत कापडाचे गठ्ठे असतील तर आवाज घुमणार नाही, आयता स्टुडिओ आहे तो.

निवांत_कुंडी
चेहरा दाखवायची काहीएक गरज नाही. माझं मातीच्या कुंड्यांचं पेज आहे, दोन वर्षं फक्त हात दिसतात. तुझं काम तर हातांचंच आहे, कात्री चालताना आणि मशीन चालताना बघत बसतात लोक. उगाच स्वतःला छळू नकोस.

सुईदोरा
@उजेडवाला दादा, नाकाचं वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माझा स्टँड खरंच हातभर अंतरावरच असायचा. @निवांत_कुंडी तुम्हाला ऑर्डर देताना लोक विश्वास ठेवतात का पण? मला एकीने विचारलं होतं, तुम्ही खऱ्या आहात ना, की पैसे घेऊन गायब होणार.

निवांत_कुंडी
विचारतात ग कधी कधी. मग त्यांना फोन करते.

बोलघेवडी
हाच माझा मुद्दा आहे. हात दाखवून सुरुवात कर, पण तिथेच घर करू नकोस. मी केलं होतं, दीड वर्ष हातच दाखवले आणि मग चेहरा दाखवायची वेळ आली तेव्हा भीती आधीपेक्षा दुप्पट, कारण आता बघणारे जास्त होते. जे टाळतो ते मोठंच होत जातं.
माझी गाडी सुटली ती अशी. गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवतेस ना? मी पाठवायचे आणि तेव्हा कधीच अडखळले नाही, कारण समोर एक माणूस आणि त्याचा एक प्रश्न. तर माझेच जुने मेसेज ऐकले, त्यातला एक उचलला आणि कामाच्या व्हिडिओवर लावला (माझाच आवाज हं, गिऱ्हाइकाचा नाही, त्यांना न विचारता ते करू नये). तो पहिला आवाजवाला व्हिडिओ. मग दर वेळी एकच प्रश्न घेऊन त्याचं उत्तर द्यायला लागले. 'नमस्कार मित्रांनो, आज मी तुम्हाला' हे वाक्य आयुष्यातून काढून टाक, घसा तिथेच सुकतो. सरळ 'चेन अडकते ना, ती यामुळे' इथून सुरू कर.
स्क्रिप्ट पाठ करू नकोस, पाठ केलं की एक शब्द चुकला तरी सगळं कोसळतं. आणि एका दमात बोलायचं कोणी सांगितलंय? एक वाक्य बोल, थांब, पाणी पी, दुसरं बोल. नंतर कापून जोडायचं. तू कापून जोडायचाच धंदा करतेस की 😀

पाचवा_मजला
ओळखीच्या लोकांबद्दल कोणीच बोललं नाही, खरी गोम ती आहे. स्टोरी ठरावीक लोकांपासून लपवता येते, सेटिंगमध्ये आहे, शिवाय क्लोज फ्रेंड्समध्ये चार जणी घालून फक्त त्यांना दाखवता येते आणि स्टोरी २४ तासांत जाते. महिनाभर तिथे बडबड करा, मग रील.
बाकी लोक आपल्याकडे आपल्याला वाटतं तितकं बघत नाहीत. २००० साली एक प्रयोग छापून आला होता, कॉलेजच्या मुलांना एका गायकाचं तोंड छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं निम्म्या लोकांच्या लक्षात आला असेल, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या. मला हे माहीत होतं तरी पहिल्या व्हिडिओच्या वेळी हात थरथरत होतेच, खोटं कशाला सांगू. दहाव्या-बाराव्याला कमी झालं.

उजेडवाला
+१. आणि टाकल्यावर तासभर फोन लांब ठेवा. दर मिनिटाला किती जणांनी बघितलं ते तपासत बसलं की पुढचा व्हिडिओ होत नाही, हे अनुभवाने सांगतोय.

सुईदोरा
अपडेट द्यायला आले. व्हॉइस मेसेज ऐकले, त्यात मी चक्क हसत हसत बोलतेय, मलाच माहीत नव्हतं! चेन का अडकते त्यावर केला व्हिडिओ, मागच्या कॅमेऱ्याने, फोन शिलाई मशीनच्या पलीकडे, आधी हात आणि शेवटी पाच-सहा सेकंद तोंड. सात टेक. मान थोडी कापली गेलीय आणि मध्ये कुकरची शिट्टी आहे, तसाच टाकला आणि फोन कपाटात ठेवून कपडे वाळत घालायला गेले.
पहिली कमेंट जाऊबाईंची. जिची सगळ्यात जास्त धास्ती होती तीच. पोटात गोळाच आला. उघडून बघते तर विचारलंय, हीच निळ्या रंगात मिळेल का.
निळं कापड नेमकं संपलंय 😭